मोत्याचं पोट, आजोबांचं पोट

ऐंशीच्या दशकात मुंबईत घोडपदेवच्या चाळींत वाढलेल्या आमच्या पिढीला कुत्र्याचं नाव ठेवायला फार डोकं चालवावं लागत नसे. टायगर, टॉमी, नाहीतर राजा. १९८५ साली ‘तेरी मेहरबानियाँ’ आला, जॅकी श्रॉफपेक्षा त्यातला मोतीच जास्त भाव खाऊन गेला, आणि पुढे काही वर्षं वाडीत जे पिल्लू येईल ते मोतीच. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’नंतर पांढऱ्याशुभ्र टफींचं पीक आलं. मग मोबाइलच्या जाहिरातीतला सुरकुतल्या तोंडाचा पग आला. भावंडं गणपतीला एकत्र जमली की ही सगळी नावं निघतात. कोण कोणाला चावलं, कोणी सत्यनारायणाच्या शिऱ्यात तोंड घातलं, कोणी भाडं मागायला आलेल्या माणसाला जिन्यातूनच परत पाठवलं. पण यातली म्हातारी होऊन गेली किती, हे मोजायला गेलं की सगळे गप्प होतात.

फारच थोडी. पार्वोचा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला, आणि आमच्या लहानपणी पिल्लं बघता बघता रक्ताचे जुलाब होऊन जायची. मोठी माणसं ‘दृष्ट लागली’ म्हणायची आणि मीठ-मोहऱ्या ओवाळायची. त्यातून वाचलं तर डिस्टेंपर होता, त्यातून वाचलं तर रे रोडकडे सुसाट जाणारे मालाचे ट्रक होते, आणि त्यांनाही चुकवलं तर म्युनिसिपालिटीची गाडी होती. गळ्यात लायसनचा बिल्ला नसलेलं कुत्रं त्या गाडीत गेलं की संपलं. भटकी कुत्री मारायची नाहीत, नसबंदी करून सोडायची, हा प्रकार मुंबईत नव्वदच्या दशकात रुळला. त्यावर पुन्हा पिसाळण्याची धास्ती. कुत्रं चावलं की पोटात १४ इंजेक्शनं, हे वाक्य ऐकून आमची पिढी मोठी झाली. लस तयार व्हायची ती इथेच, परळच्या हाफकिनमध्ये; गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात १८९९ साली प्लेगच्या लसीसाठी थाटलेल्या प्रयोगशाळेत. पण ती जवळ होती म्हणून भीती कमी नव्हती. एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्याचे दात किडून लाळ गळायला लागली, चालताना झोल जायला लागला, की लोक काठी शोधायचे.

त्यामुळे कुत्र्याचं म्हातारपण कसं असतं हे आमच्या घरात कोणी पाहिलेलंच नव्हतं. आमचा मोती, अर्धा पामेरियन आणि अर्धा गावठी, नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा बारा वर्षांपलीकडे गेला, आणि घरच्यांना त्याचं काय करायचं ते सुचेना. मग त्यांनी त्यांना जे म्हातारपण ठाऊक होतं तेच वापरलं. ते आजोबांचं होतं.

आजोबा गिरणीतले. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर सामंतांचा गिरणी संप सुरू झाला आणि त्यांचं घराबाहेरचं आयुष्य जवळजवळ संपलं. आदल्या दिवसापर्यंत हा माणूस भोंग्यावर उठायचा, भोंग्यावर जेवायचा. भोंगा बंद झाल्यावर पोटाला वेळ कोण सांगणार? चाळीत असे पुरुष घरटी एक होते. गॅलरीत कठड्याला टेकून बसायचे, पेपर तीनदा वाचायचे आणि एकमेकांच्या पोटाची चौकशी करायचे. मोती घरात आला तो या रिकाम्या दिवसांत. आजोबांनी त्याला फिरवायचं काम अंगावर घेतलं आणि दोघं एकाच वेळापत्रकावर म्हातारे झाले.

आता जेवणाचं. आज पिशवीतले दाणे वाडग्यात ओततात. तेव्हा कुत्र्यासाठी वेगळं काही आणायचं ही कल्पनाच हास्यास्पद होती. सकाळी चहात बुडवलेलं ग्लुकोजचं बिस्किट किंवा पाव, दुपारी चपातीचा चुरा आणि दूध, रात्री कालवणातला भात. भाऊच्या धक्क्यावरून बांगडा-मांदेली आली की डोकी मोत्याची. दिवाळीत चकली, शिमग्याला पोळी, श्रावणात मोत्याचाही श्रावण. तरुणपणी हे सगळं त्याने पचवलं, कारण तरुण कुत्रं दगड खाऊन दगड टाकतं. दहाव्या वर्षानंतर मात्र हिशेब फिरला. आज ढाळ, उद्या खडा. पोटात गुडगुड इतक्या जोरात व्हायची की माळ्यावर झोपलेल्या काकांना ऐकू जायची. वारा सरला की सगळ्यांनी आजोबांकडे बघायचं आणि आजोबांनी मोत्याकडे.

आजीचा पहिला आणि शेवटचा उपाय गुरगुट्या भात. तिची पद्धत मला हातासकट आठवते. जुना तांदूळ दोन मुठी, तीन पाण्यांतून काढलेला. जर्मनच्या पातेल्यात तांदळाच्या सहापट पाणी आणि रॉकेलच्या स्टोव्हची वात अगदी खाली. शितं फुटायला लागली की त्यात लाल भोपळ्याची फोड, सालं काढून, मीठ न घालता. भोपळा हाताने मोडेल इतका मऊ झाला की पातेलं उतरवायचं आणि मोरीच्या कट्ट्यावर निवत ठेवायचं. मोत्याचा वाटा आधी काढायचा, कारण मीठ, हिंग आणि फोडणी त्यानंतर, आजोबांसाठी. मग ती करंगळी मोत्याच्या थाळीत बुडवून बघायची. चटका बसला तर थांबायचं, अगदीच गार झालं असेल तर परत स्टोव्हवर. म्हाताऱ्याला गार अन्नाचा वास येत नाही आणि वास नाही आला तर तो खात नाही, असं तिचं म्हणणं. आजोबांबद्दल म्हणायची का मोत्याबद्दल, ते तिनं कधी सांगितलं नाही. पुढे जनावरांच्या डॉक्टरांकडून मी हेच ऐकलं: म्हाताऱ्या कुत्र्याचं नाक मंदावतं, अन्न किंचित कोमट करून द्या. आजी चौथी शिकलेली होती.

भात बरोबर होता, भोपळा बरोबर होता, मीठ आधी न घालणं तर फारच बरोबर. चुकत होतं ते दूध. चाळीत दूध म्हणजे पथ्य, दूध म्हणजे ताकद. पण पिल्लूपण संपलं की बहुतेक कुत्र्यांना दुधातली साखर पचवणारा पाचक रस पुरेसा राहत नाही. ती साखर तशीच आतड्यात उतरते, पाणी ओढून घेते, आंबते; गुडगुड, वारा, ढाळ. म्हणजे मोत्याचं पोट बिघडायचं, म्हणून त्याला दूध-भात मिळायचा, आणि दूध-भात मिळाला म्हणून त्याचं पोट बिघडायचं. हे चक्र कित्येक महिने चाललं असेल. दह्या-ताकाने तेवढा त्रास होत नाही, कारण विरजणात ती साखर बरीचशी खाल्ली गेलेली असते. आमच्याकडे ताक आजोबांना मिळायचं.

दुसरी अडचण चाळ हीच होती. आपण मोत्याला पथ्य लावू, पण मोती आपल्या एकट्याचा कुठे होता? गॅलरीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक दारात त्याचं खातं उघडलेलं. एका घरी बिस्किट, दुसरीकडे आमलेटचा तुकडा, कोपऱ्यातल्या खोलीत रविवारच्या मटणाची नळी. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, त्याची कपची आतड्यात रुतते, हे तेव्हा कोणाच्या गावी नव्हतं. हाडाशिवाय कुत्रं म्हणजे हळदीशिवाय लग्न. शेवटी आत्याने आमची शाळेची पाटी दाराबाहेर खिळ्याला टांगली: ‘आज मोत्याला काही देऊ नये. पोट बिघडले आहे.’ पाटी दोन दिवसांनी कोणी पुसली तर नाहीच, उलट खाली दुसऱ्या हाताने लिहिलेलं आढळलं: ‘फक्त खारी दिली.’ माझ्या मते घोडपदेवच्या चाळसंस्कृतीवर याहून अचूक कोणी काही लिहिलेलं नाही.

मग आलं बद्धकोष्ठ. ढाळांची चर्चा नाक मुरडून होते, पण बद्धकोष्ठ हा मराठी माणसाचा सन्माननीय विषय. सकाळी सार्वजनिक संडासाच्या रांगेत डबडं हातात घेऊन उभे असलेले लोक आजोबांना विचारायचे, “झालं का?” आजोबा म्हणायचे, “माझं झालं, ह्याचं नाही झालं.” मोती खाली उकिरड्याच्या कडेला कुंथत उभा. पाठ कमानीसारखी वाकलेली, मागचे पाय थरथरतायत, आणि बाहेर येतंय ते जेमतेम, चपटं, फितीसारखं. उपायांना तोटा नव्हता. एकाने एरंडेल सांगितलं, एकाने साबणाची कांडी. आजोबांनी स्वतःचा इसबगोल काढला. इसबगोल तसा वाईट नाही, जनावरांचे डॉक्टरही देतात, पण भरपूर पाण्याबरोबर आणि बेतानं. कोरडा घातला तर पोटात जाऊन लगदाच व्हायचा. बाबा म्हणायचे, “वय झालं त्याचं. आता असंच चालायचं.”

हे वाक्य त्या पिढीचं लाडकं. आजोबांना रात्री चार-चारदा उठावं लागायचं, लघवीला धार नाही म्हणायचे, त्यावरही हेच उत्तर होतं. ‘वय झालं’ म्हटलं की डॉक्टरची फी वाचते, टॅक्सीचं भाडं वाचतं आणि कोणाचा दोषही निघत नाही. माणसं निर्दय होती म्हणून नव्हे. गिरण्या बंद पडलेल्या घरात कोणाच्या दुखण्यावर आधी पैसे खर्च करायचे, याची रांग ठरलेली होती, आणि म्हातारे स्वतःच त्या रांगेत मागे जाऊन उभे राहायचे.

मोत्याला दवाखान्यात न्यायचं ठरवलं ते काकांनी. दोन दिवस त्याने थाळीला तोंड लावलं नव्हतं आणि संध्याकाळी ओकारी काढली. घोडपदेवहून परळ लांब नाही, काळाचौकी ओलांडली की लालबाग आणि पुढे परळ. पण म्हातारं कुत्रं न्यायचं कशातून? रिक्षा आमच्या मुंबईत चालत नाही, तिची हद्द सायन-माहीमपर्यंत. टॅक्सीवाला कुत्रं बघून मीटर खाली करायच्या आधी मान हलवायचा. शेवटी भायखळ्याच्या संत सावता माळी मंडईत हमाली करणाऱ्या शेजाऱ्यांनी हातगाडी आणली, आजीने तिच्यावर गोणपाट आणि त्यावर जुनं लुगडं घातलं, आणि मोती भाजीच्या वाटेने उलट्या दिशेने निघाला. आजोबा बरोबर चालत होते. लालबागला लोक वाट देत होते.

बैलघोडा हॉस्पिटल. परळच्या त्या आवाराचं अधिकृत नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल, पण पाटीवरचं नाव सांगितलं तर जुना टॅक्सीवाला गोंधळायचा. या शहरात माल ओढायचा तो बैलांनी आणि ट्राम ओढायची ती घोड्यांनी, त्या काळातलं हे इस्पितळ. जनावरांचा छळ रोखणारी संस्था मुंबईत १८७४ साली निघाली, त्यातूनच पुढे गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नीच्या नावे, हे उभं राहिलं. १८८६ साली त्याच आवारात पशुवैद्यकीय कॉलेज सुरू झालं. म्हणजे ज्या परळ-लालबागेत गिरणी कामगाराचा घाम निघत होता, तिथेच एका गिरणीमालकाच्या पैशाने बैलाच्या खांद्याला मलम लागत होतं. आजोबांनी तिथल्या बाकावर बसून हे वाक्य म्हटलं होतं, जरा खवचटपणे, आणि मग म्हणाले, “पण चांगलं केलंन हो.”

तपासायला तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी मोत्याला नाही, आजीला प्रश्न विचारले. पाणी किती पितो? पूर्वीपेक्षा जास्त का? उलटी खाण्याची की पिवळ्या पाण्याची? शी काळी, लाल, की शेंबूड मिसळलेली? कुंथताना ओरडतो का? घरात कोणी कांदा घालून काही देतं का? आजीला एवढं महत्त्व आयुष्यात पहिल्यांदा मिळालं असेल. तिने सगळ्याची उत्तरं दिली, तारखांसकट. कुठली तिथी, कुठला वार. मग बाईंनी मोत्याचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच बसली नाही, म्हणजे अंगात पाणी कमी. तोंडात दोन दाढा हलत होत्या आणि दातांवर पिवळा खर. “हा चावत नाही, गिळतो,” त्या म्हणाल्या. चपातीचे तुकडे, बांगड्याची डोकी, सगळं न चावता आत.

मग त्यांनी हातमोजा चढवला, बोटाला जेल लावलं. काकांनी मान वळवली, आजोबांनी नाही. तपासून झाल्यावर बाई म्हणाल्या, “पोटाला फारसं काही झालेलं नाही. प्रोस्टेट वाढलंय.”

खोलीत शांतता. कारण महिन्याभरापूर्वी हाच शब्द आजोबांना म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात ऐकवला होता आणि त्यांनी तो घरात कोणालाच सांगितला नव्हता, आजी सोडून. आजीच्या तोंडून मात्र तिथे, त्या टेबलापाशी, निसटलं: “अगं बाई, ह्यांचंही तेच.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी नीट समजावलं. वय वाढलं की ही ग्रंथी सर्रास वाढते ती माणसात आणि कुत्र्यात. बाकीच्या जनावरांत तसं सहसा दिसत नाही. फरक एवढाच की माणसात ती आतल्या बाजूला दाबते, म्हणून लघवी अडते. कुत्र्यात ती बाहेरच्या बाजूला वाढते, वरच्या आतड्याला चेपते, म्हणून शी अडते आणि चपटी होऊन येते. इसबगोल, एरंडेल, साबण, सगळे उपाय भलत्याच दारावर थाप मारत होते. उपाय म्हणजे खच्चीकरण. काही आठवड्यांत ग्रंथी आक्रसते. वय बघून आधी रक्त तपासू, मूत्रपिंडं कशी आहेत बघू, मग भूल.

“या वयात?” बाबा रात्री म्हणाले. चाळीतही बरीच चर्चा झाली. पुरुषांनी मोत्याची बाजू घेतली. आजोबांनी मात्र एका वाक्यात निकाल लावला, “त्याचं करा. आणि माझीही तारीख घ्या.” दोघांची ऑपरेशनं एकाच पावसाळ्याच्या आगेमागे झाली. दोघंही गॅलरीत, एकजण खुर्चीवर आणि एकजण गोणपाटावर, टाके सुकवत बसायचे. चाळीत यावर झालेले विनोद छापण्यासारखे नाहीत.

त्यानंतर बाईंनी दिलेल्या सूचना आईने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवल्या होत्या, दुधाच्या हिशेबाशेजारी. दूध बंद. कांदा-लसूण कुठल्याच रूपात नाही, शिजवलेला, तळलेला, वाटणातला, कसाही. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे कालवणाचा भात गेलाच. मनुका-द्राक्षं नाहीत, मूत्रपिंडं बसतात. म्हणजे प्रसादाचा शिराही सांभाळून. तळणीचं आणि मटणाची चरबी नाही, स्वादुपिंडाला सूज येते. शिजवलेलं हाड नाही. दोन वेळा ताटभर देण्याऐवजी तीन-चार वेळा थोडं थोडं. पोट बिघडलं असेल तेव्हा भातात कातडी आणि हाड काढलेली उकडलेली कोंबडी, बिनमिठाची, आणि तोच तुमचा भोपळा. बरं वाटलं की नेहमीच्या खाण्यावर एकदम उडी नाही, आठवडाभरात हळूहळू. माणसाची दुखण्याची गोळी चुकूनही नाही. आयब्युप्रोफेनने पोटात व्रण पडून रक्त जातं, पॅरासिटामॉलही धोक्याचं. हे आजोबांच्या डब्यातल्या गोळ्यांना उद्देशून होतं.

एक सूचना मला अजून महत्त्वाची वाटते, कारण ती खाण्याची नव्हती. मोत्याला शी करताना मागे बसायलाच त्रास होत होता, गुडघे आणि कंबर दुखत होती. दुखतं म्हणून बसत नाही, बसत नाही म्हणून धरून ठेवतो, धरून ठेवल्याने खडा होतो. बाईंनी सांगितलं, याला जिने कमी करा, आणि शी करताना पोटाखालून पंचा घालून धरा. त्यानंतर घोडपदेवच्या रस्त्याने सकाळी सकाळी एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याला पंचाने उचलून धरतोय, असं दृश्य लोकांनी दीड-दोन वर्षं पाहिलं.

शेवटी मूत्रपिंडं गेलीच. पाणी भरपूर प्यायला लागला, तोंडाला अमोनियासारखा वास, सकाळी पिवळी उलटी. रात्री उठून मोरीच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, आपण कुठे आहोत ते न कळल्यासारखा. म्हाताऱ्या माणसांसारखी कुत्र्यांचीही बुद्धी विसरते, हेही आम्हाला तेव्हाच कळलं. आजी दिवा लावून ठेवायची आणि त्याला हाताने वळवून आणायची. २००० च्या उन्हाळ्यात तो गेला. आजोबा त्याच्यानंतर बरीच वर्षं जगले, लघवीची तक्रार न करता.

आता वाडीतल्या निम्म्या चाळींच्या जागी टॉवर आहेत. माझगावच्या न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या इमारती झाल्या. आत्तेबहिणीकडे लॅब्रेडोर आहे, अकरा वर्षांचा, म्हणजे त्या जातीच्या मानाने चांगलाच वयस्क. मोठ्या चणीची कुत्री सात-आठ वर्षांतच म्हातारपणाला लागतात. त्याचं खाणं वजनकाट्यावर मोजलेलं, दात साफ केलेले, दर सहा महिन्यांनी रक्त तपासलेलं. आजीला हे बघून आनंद झाला असता आणि बिलं बघून चक्कर आली असती. पण चाळीत काही गोष्टी आपोआप बऱ्या होत्या. शहाबादी फरशीवर कुत्र्याचा पाय घसरत नसे. टॉवरातल्या गुळगुळीत टाइल्सवर लॅब्रेडोरचे मागचे पाय फाकतात आणि तो उठायचंच टाळतो. चाळीत घाई लागली तर तीस पायऱ्यांवर रस्ता. इथे एकोणिसाव्या मजल्यावर लिफ्टची वाट बघत ते बिचारं धरून ठेवतं, आणि लिफ्टमध्ये झालंच तर सोसायटीची नोटीस येते. मला विचाराल तर बाजारातल्या निम्म्या पावडरी आणि गोळ्यांपेक्षा घरभर पसरलेल्या चार रबरी मॅट आणि दिवसातून एक जादा फेरी जास्त कामाची.

आणि ‘वय झालं’ हे आजही ऐकू येतं, फक्त आता ते इंग्रजीत म्हणतात. म्हातारं कुत्रं अचानक पाणी जास्त प्यायला लागलं, वजन उतरलं, शी काळी किंवा चपटी व्हायला लागली, तर ते वय नव्हे, काहीतरी आजार आहे आणि बऱ्याचदा त्यावर इलाज असतो. नसबंदी न केलेली म्हातारी कुत्री माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत उलट्या करायला आणि घटाघटा पाणी प्यायला लागली, तर पोटाची औषधं देत बसू नका, गर्भाशयात पू झालेला असू शकतो. पोट टम्म फुगलं आणि कुत्रं नुसतेच उमाळे काढतंय, बाहेर काही येत नाही, तर सकाळ होण्याची वाटही बघू नका. त्या दुखण्यात तास मोजायचे असतात.

बैलघोडा हॉस्पिटल परळला अजून आहे. तिथे जा, किंवा तुमच्या जवळच्या दवाखान्यात जा, पण जाताना दोन गोष्टी न्या. गेल्या आठ दिवसांत काय खाल्लं, कितीदा आणि कशी शी झाली, हे लिहिलेला कागद. त्यात शेजाऱ्यांनी दिलेली खारीसुद्धा. आणि झाकणाच्या डबीत त्याच दिवशीची थोडी शी. लाजू नका, डॉक्टर नाक मुरडत नाहीत.